केरुएलला आलेलं गिऱ्हाईक

गुल्वेनच्या तोंडाला त्या दिवशी कुलूप घालायला हवं होतं आणि माझे हात बांधून ठेवायला हवे होते. दुसरा उपायच नव्हता. पण हे आता सुचून काय उपयोग?

गुल्वेन माझा भाऊ. ऐंशीला टेकलाय, लग्न नाही, पोरंबाळं नाहीत. लष्करात होता तेवढी वर्षं सोडली तर केरुएलच्या घराबाहेर एक रात्र झोपलेला नाही. मी मारिव्हॉन, त्याची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून मी खाली गावात, चर्चच्या मागे राहते, पण रोज सकाळी गाडी काढून केरुएलला जाते. मी गेले नाही तर हा पठ्ठ्या दुपारी पाव आणि डुकराची चरबी खाईल, संध्याकाळी उरलेली चरबी खाईल आणि वर मलाच सांगेल की जेवण झकास झालं.

आमचे बाबा शेवटच्या घटका मोजत होते तेव्हा पलंगाभोवती आम्ही तिघंही होतो. थोरला पेर, गुल्वेन आणि मी. बाबा म्हणाले, "घर गुल्वेनचं." पेरनं मान हलवली, मीही हलवली. झालं. कागद करायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही, आणि आलं असतं तरी आम्ही केला नसता. सख्ख्या भावाकडे सही मागायची म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणायचं, असं आमच्याकडे समजतात. लोक हसतात आम्हाला. हसू देत. इथल्या अर्ध्या घरांचे व्यवहार असेच माना हलवून झालेत.

मग पेर गेला. त्याचा मुलगा ग्वेनोले नांतला असतो. त्याची बायको सोडून गेली, संसाराची वाटणी निघाली आणि मग त्याला समजलं की कागदोपत्री केरुएलचा एक वाटा त्याचा आहे. आमचा कायदा असा, की एका वाटेकऱ्याला जरी मोकळं व्हायचं असलं तरी बाकीच्यांनी त्याचा वाटा विकत घ्यायचा, नाहीतर घर विकायचं. गुल्वेनच्या पेन्शनीत त्या घराचा उंबरठाही आला नसता. माझं तर बोलायलाच नको.

"आत्या, मी वाईट आहे का गं?" ग्वेनोलेनं फोनवर विचारलं.

"वाईट नाहीस रे. वाईट असतास तर बरं झालं असतं, चार शिव्या तरी हासडता आल्या असत्या."

तो रडला. मग म्हणाला, "आत्या, ऑक्टोबर संपेपर्यंत बघू या. तोवर गिऱ्हाईक आलं नाही, तर मी दुसरीकडून सोय करतो. मग काका आहेत तोवर राहू देत."

म्हणजे ऑक्टोबर संपेपर्यंत गिऱ्हाईक येऊ द्यायचं नाही, एवढंच आमच्या हातात होतं. घर विकायला देण्याच्या कागदावर सह्या केल्या, दलालीण मादाम प्रिजाँनं फाटकावर 'विकणे आहे'ची पाटी ठोकली, आणि गुल्वेन कामाला लागला.

काय सांगू त्याच्या करामती! पहिले आले ते इंग्रज नवरा-बायको. गुल्वेननं शेजाऱ्याला सांगून बरोब्बर त्याच सकाळी वाऱ्याच्या दिशेचा शेणखड्डा उघडायला लावला. इंग्रजीण नाकाला रुमाल लावून गाडीतच बसून राहिली. दुसरं गिऱ्हाईक पॅरिसचं. त्यांना यानं चेहरा पाडून सांगितलं की भिंतींना ओल आहे, छपराचा भरवसा नाही, आणि विहिरीत आमची आजी पडून मेली. आजी पलंगावर मेली, नव्वदी ओलांडून, हातात माळ धरून. ते लोक फाटकाबाहेर गेल्यावर मी म्हटलं, "अरे मेल्या, आजीला तरी सोडायचंस!"

"आजीला काही वाटत नाही," गुल्वेन म्हणाला. "तिनंच सुचवलं असतं."

मादाम प्रिजाँ वैतागली. "मस्यो, गिऱ्हाईक येईल तेव्हा तुम्ही जरा फिरायला जात जा ना." गुल्वेननं लगेच गुडघा धरला. संधिवात. उन्हाळा असाच गेला, सप्टेंबर गेला, आणि मला खरंच वाटायला लागलं की आम्ही जिंकतोय. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा उजाडला. मादाम प्रिजाँचा फोन आला, ल्यॉंहून एक जोडपं येतंय, शुक्रवारी.

"हे शेवटचं," मी गुल्वेनला बजावलं. "तू बाकावर बसायचं. तोंडातून ब्र काढायचा नाही. विचारलंच तर ओल, छप्पर, आजी."

"ओल, छप्पर, आजी," तो म्हणाला. शाळेतल्या पोरासारखा.

शुक्रवारी सकाळपासून बुरबुर चालली होती. जोडपं वेळेवर आलं आणि मादाम प्रिजाँची गाडी बीट भरलेल्या ट्रॅक्टरमागे अडकली. दोघं आपली अंगणात उभी. तो उंच, किडकिडीत, चष्म्यावर पाणी. ती लहानखुरी, पायात कापडी बूट, चिखलानं भरलेले, आणि सारखी शिंकतेय. मी खिडकीतून बघत होते. गुल्वेनही बघत होता.

"भिजू दे," तो म्हणाला. "आपोआप जातील."

मी पाच मिनिटं कळ काढली. देवाशप्पथ काढली. पण आमच्याकडे दारात आलेला माणूस कॉफी घेतल्याशिवाय परत जात नाही, मग तो जप्तीवाला का असेना. लढाईत माझ्या आईनं एका जर्मन शिपायालासुद्धा वाडगाभर चिकोरीची कॉफी दिली होती, आणि त्याची पाठ वळल्यावर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. आईचा हात माझ्या हातात आहे, त्याला मी काय करू? मी दार उघडलं.

"या हो आत! असं उभं राहतात का पावसात?"

"काय करतेस?" गुल्वेन आमच्या भाषेत गुरगुरला, त्यांना कळू नये म्हणून.

"तिचे बूट बघ."

"बूट बघून घर देऊन टाकायचंय का?"

"फक्त कॉफी देतेय."

आता फक्त कॉफी कुठे देता येते? तिचे बूट चुलीपाशी ठेवायचे म्हणजे चुलीत दोन लाकडं जास्त घालायला हवीत. चूल पेटली की तवा दिसतो. आणि शुक्रवार, म्हणजे मांस न खाण्याचा वार, असल्यामुळे काळ्या गव्हाचं पीठ भिजवलेलं होतंच. पहिलं धिरडं कधी तव्यावर गेलं मला कळलंसुद्धा नाही. वरून अंडं, खारं लोणी. ती बेर्तिय, नाव तिनं लगेच सांगितलं. तिनं एक खाल्लं, दुसरं खाल्लं, आणि तिसऱ्याला नको म्हणता म्हणता ताटली पुढे केली. गालांवर रंग आला पोरीच्या. मग तिनं वर बघितलं, तुळयांकडे, मग चुलीच्या दगडाकडे, मग खिडकीतल्या मांजराकडे. घर आवडायला लागलं होतं तिला.

तरी आशा होती. गुल्वेन दगडासारखा बाकावर बसून होता. तेवढ्यात तिचा नवरा, ऑरेलियाँ, उठला आणि उत्तरेच्या भिंतीपाशी गेला. बोटानं टकटक केलं. चष्मा पुसला.

"या भिंतीला ओल असणार," तो म्हणाला. "एवढं जुनं बांधकाम, त्यातून उत्तरेची बाजू."

मी मनात म्हटलं, देव पावला! अरे, तो स्वतःच म्हणतोय! गुल्वेनला काही बोलायचीही गरज नव्हती, नुसती मान हलवायची होती. आमच्या घराण्यात मान हलवणं काही नवीन नाही.

पण गुल्वेनचे कान लाल झाले.

तुम्ही म्हणाल, उन्हाळाभर तो स्वतःच ओल ओल म्हणून सांगत होता की. हो, सांगत होता. पण स्वतःच्या बापाला आपण नावं ठेवली तर ती घरातली गोष्ट. परक्यानं ठेवली की झालं. आणि ती भिंत बाबांची होती. एका हिवाळ्यात वादळानं उत्तरेची बाजू पडली, तेव्हा बाबांनी आणि विशीतल्या गुल्वेननं ती पुन्हा उभी केली होती. चुलत्यांनी मदत देऊ केली, पण या बापलेकांनी दुसऱ्या कोणाला दगडाला हात लावू दिला नव्हता.

"ओल?" गुल्वेन उठला. संधिवात वगैरे काही नाही, ताडकन उठला. "कुठंय ओल?"

"नाही, मी आपलं सहज..."

"हात इकडे करा. लावा इथे. लावा म्हणतो ना! आहे ओल?"

"कोरडी आहे," ऑरेलियाँ म्हणाला.

"कोरडी नाही, खडखडीत! प्रत्येक दगड बाहेरच्या बाजूला जरासा उतरता बसवलाय, पाणी बाहेरच वाहून जातं. माझा बाप दगड बसवायचा, मी चुना कालवायचो. ओल म्हणे!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. इथे तर हातही गिऱ्हाइकाचाच. मी मागून गुल्वेनचा कोट ओढला, पायावर पाय दिला, खोकले. कशाचाच उपयोग झाला नाही. गडी सुटला होता. ऑरेलियाँला माळ्यावर नेलं, तुळयांत सुरी खुपसून दाखवली की कीड नाही. छपराखाली उभं केलं, एक थेंब दाखवा म्हणाला. खाली आणलं, विहिरीवर नेलं.

"पण मादाम प्रिजाँ म्हणत होत्या, तुम्ही सांगता की विहिरीत कोणी आजी..." बेर्तिय बिचकत म्हणाली.

"कसली आजी! शहात्तर सालच्या दुष्काळात अख्ख्या गावानं इथून पाणी नेलंय. पिऊन बघा!"

प्याली ती. गोड आहे म्हणाली. गोड आहेच हो, मला माहीत नाही का?

मादाम प्रिजाँ चिखल तुडवत आली तेव्हा गुल्वेन त्या दोघांना दाराच्या चौकटीवर कोरलेली आजोबांची अक्षरं दाखवत होता, आणि बेर्तियच्या हातात माझं गुंडाळून दिलेलं धिरडं होतं, वाटेत खायला. मादाम प्रिजाँनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. वाईट नव्हती ती. नुसती कॉफी मागितली.

ते गेले. गुल्वेन फाटकापर्यंत पोचवायला गेला, हात हलवला आणि परत येता येता अंगणाच्या मधोमध थांबला. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला.

"मारिव्हॉन," तो आत येऊन म्हणाला. "मी काय काय बोललो गं?"

"सगळं बोललास. काही ठेवलं नाहीस."

"तू धिरडी कशाला घातलीस?"

"तू भिंत कशाला दाखवलीस?"

"तो ओल म्हणाला."

"म्हणू द्यायचं होतंस ना, गाढवा! हो म्हणायचं होतंस! एवढं एक हो म्हणता आलं नाही तुला?"

"नाही आलं," तो म्हणाला आणि बाकावर बसला. मी आणखी ओरडणार होते. पण त्याचे हात बघितले, गुडघ्यांवर नुसते ठेवलेले, आणि माझं मलाच रडू फुटलं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला आम्ही, आणि तोही दोघांनी मिळून उचलून.

दुसऱ्या दिवशी फोन आला. सांगितली ती किंमत त्यांनी कबूल केली, एक शब्दही घासाघीस नाही. मागितलं तेवढं मिळाल्यावर नकार देता येत नाही, आमच्या सह्या आधीच झालेल्या. मी ग्वेनोलेला फोन केला, तो म्हणाला, "आत्या, चार दिवस राहिले होते गं." मी म्हटलं, माहीत आहे. दुसरं काय म्हणणार? त्यालाही काही करता येत नव्हतं आणि मलाही. मी वकिलाला विचारलं, पाद्रीबाबांना विचारलं, सरपंचांना विचारलं. सगळे माझ्याकडे कळवळून बघायचे आणि कॉफी पाजायचे.

फेब्रुवारीत व्यवहार पुरा करायला सगळे बाजारगावी जमलो. गुल्वेनचं सामान आदल्या दिवशीच हलवलं होतं, गावातल्या बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांत. मांजर काही हाती लागलं नाही. गुल्वेननं लग्नाला घालतात तो कोट घातला होता.

सह्या झाल्यावर बेर्तिय आली आणि त्याचे दोन्ही हात धरले. मनाची चांगली आहे पोरगी, तिला कशी शिवी देऊ?

"तुम्हाला एक सांगू का?" ती म्हणाली. "आम्ही कितीतरी घरं पाहिली. सगळी रिकामी होती, गार. तुमचं एकच असं होतं की ज्यात माणसं राहत होती. म्हणून तर घेतलं आम्ही."

गुल्वेननं मान हलवली. "बरं केलंत, मादाम," तो म्हणाला.

ती दोघं ग्वेनोलेबरोबर जेवायला थांबली. आम्हालाही आग्रह केला, पण गुल्वेनला भूक नव्हती. मी गाडी चालवत होते. तो शेजारी, टोपी मांडीवर. पुढचं काय, याचाच विचार माझ्या डोक्यात. संध्याकाळी त्याला जेवायला माझ्याकडे बोलवावं, की एकट्याला राहू द्यावं, की मीच तिथे झोपावं. असं करता करता बरंच अंतर गेलं.

"मारिव्हॉन," तो हळूच म्हणाला.

"काय रे?"

"इकडे नाही गं."

मी बघितलं तर गावाचा फाटा केव्हाच मागे पडला होता. दोन्ही बाजूंना दगडी बांध, त्यावर झाडं, आणि समोर केरुएलची चढण. इतक्या वर्षांची सवय, हातांनी आपोआप गाडी वळवली होती. मी ब्रेक दाबला. तो रस्ता असला अरुंद आहे की गाडी वळवायला जागा एकच, केरुएलचं अंगण. दुसरी नाही. गुल्वेनलाही ते माहीत होतं. तो काचेतून वर फाटकाकडे बघत राहिला.

"अंगणात शिरायचं तर," तो म्हणाला, "आता त्यांना विचारायला हवं का गं?"

मी पाय ब्रेकवर तसाच ठेवला. इंजिन चालूच होतं.