पांढऱ्या वडीचा काठ

वडीचा काठ वाकडा होता, म्हणून कर्स्टीने सुरी घेतली. खाण्याचा तिचा मुळीच विचार नव्हता.

डिसेंबर लागला की तिची सासू मर्ल ताटभर पांढरी वडी घेऊन येई. फुगवलेले तांदूळ, खोबरे, दूध पावडर, मनुका, लाल-हिरव्या चेरी, सगळे खोबऱ्याच्या तुपात थिजवलेले. डिसेंबर म्हणजे समुद्रकाठच्या कॅलो पॉइंटला ऐन उन्हाळा, भट्टीजवळ उभे राहवत नाही. नाताळची ही वडी त्या दृष्टीने शहाणी, ती फ्रिजमध्येच होते. मुलांना एकेक तुकडा दिल्यावर ताटातल्या वडीची एक बाजू दातेरी राहिली. कर्स्टीने ती बोटभर कापून सरळ केली. कापलेली पट्टी टाकून देणे बरे दिसेना, म्हणून उभ्याउभ्याच तोंडात टाकली. मग तिने ताट गॅरेजमधल्या दुसऱ्या फ्रिजमध्ये, नवऱ्याच्या बियरच्या बाटल्यांमागे दडवले.

मुलांपासून दडवतेय, अशी तिने मनाची समजूत घातली.

स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर मात्र तिचा तक्ता सगळ्यांना दिसेल असा चिकटवलेला होता. सकाळी दोन उकडलेली अंडी, दुपारी पालापाचोळा आणि डब्यातला मासा, रात्री कोंबडीचा तळहाताएवढा तुकडा. पाव नाही, बटाटा नाही, साखर नाही. रोज पळणे. आणि तळाशी लाल शाईत, दोनदा अधोरेखित केलेली तारीख: एकवीस डिसेंबर.

त्या रविवारी, बुडणाऱ्यांना वाचवायला किनाऱ्यावर पहारा देणाऱ्यांची वर्षातली शेवटची चाचणी होती. दोनशे मीटर वाळूत पळायचे, दोनशे मीटर समुद्रात पोहायचे, पुन्हा दोनशे मीटर पळायचे, सगळे आठ मिनिटांच्या आत. कर्स्टी एकोणिसाव्या वर्षी ही चाचणी हसत हसत पास झाली होती. धाकट्या रूबेनच्या जन्मानंतर ते सगळे सुटले, त्याला आता सहा वर्षे झाली. या नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा उतरली, आणि तिला आठ मिनिटे चाळीस सेकंद लागली. घड्याळ धरणाऱ्या म्हाताऱ्या नेव्हिलने आकडा वहीत लिहिला आणि सभ्यपणे दुसरीकडे पाहिले.

हे तिने घरी कुणाला सांगितले नव्हते. सांगण्यात काय अवघड होते, असे कुणालाही वाटेल. अवघड होती ती टॅम्सिन, तिची नऊ वर्षांची मुलगी.

दर रविवारी सकाळी या पहारेकऱ्यांच्या क्लबात मुलांची शाळा भरे. तिथला नियम साधा होता: पाण्यात पाच मुलांमागे ही चाचणी पास झालेले एक मोठे माणूस. टॅम्सिनच्या गटात तेवीस मुले होती, म्हणजे मोठी माणसे पाच हवीत, आणि होती चार. वीस मुलांना पाण्यात न्यायचे आणि तिघांना वाळूवर बसवायचे, हे कॅलो पॉइंटला कुणी करणार नाही. तेव्हा पाचवे माणूस मिळेपर्यंत सगळा गट वाळूतच पळत होता. लाटांच्या पलीकडे तरंगती फळी घेऊन जायचे, याची टॅम्सिन दोन वर्षे वाट पाहत होती. ‘पाचवी माझी आई आहे,’ असे तिने बावीस मुलांना कधीच सांगून टाकले होते.

कर्स्टीचा दिवस तसा आधीच काठोकाठ भरलेला. नवरा डेमियन समुद्रापासून दूर आत, कोळशाच्या खाणीवर. चौदा दिवस तिकडे, सात दिवस घरी. ती स्वतः दातांच्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर. पहाटे पोहायला जावे तर मुले झोपलेली, संध्याकाळी जावे तर मुले जागी. शेवटी ती पळे आणि रूबेन शेजारून सायकल चालवत प्रश्न विचारी. माशांना तहान लागते का? आई, तू एवढा आवाज का करतेस? आजी तुझ्यापेक्षा भराभर चालते, माहितीये?

त्यात डिसेंबर. शाळेच्या शेवटच्या दिवसासाठी वर्गाला काहीतरी करून न्यायचे. ते केले की चमचा चाटायला कोण, तर आईच. दवाखान्यात ज्यांचे दात दुरुस्त झाले ते लोक कृतज्ञतेने चॉकलेटचे डबे आणून देत, आणि ते डबे नेमके कर्स्टीच्या कोपराशी उघडे पडलेले. शेजारी अंगणातल्या झाडाचे आंबे पिशव्या भरभरून दाराशी ठेवून पसार होत, कारण सगळे एकाच आठवड्यात पिकतात. दारात पिकलेला आंबा आणि तक्त्यात ‘फळ: अर्धी वाटी’. ही अर्धी वाटी ज्याने शोधून काढली त्याच्या दारात आंब्याचे झाड नसणार.

पण कर्स्टी हट्टाची. तिने चॉकलेट नाकारले, आंबा अर्धी वाटीच खाल्ला, शाळेच्या मेजवानीत काकडी चघळली. मर्ल सुक्या मेव्याचे सारण भरलेली छोटी पॅटिसे घेऊन आली, तेव्हा तिने ताट न पाहताच मागे सारले, आणि मर्लने ते पुन्हा फडक्यात बांधले. फक्त दुपारी चारच्या सुमारास, पोटात खड्डा पडला की ती गॅरेजमध्ये जाई. वडीचा काठ बघे. तो कुठेतरी किंचित तिरका असेच. तेवढा ती सरळ करी.

चाचणीच्या आधीच्या शुक्रवारी मर्ल मुलांना सांभाळायला आली. रविवारी क्लबात न्यायला वडी कापून ठेवावी, म्हणून तिने गॅरेजमधून ताट आणले. एवढ्या मोठ्या ताटात कोपऱ्यात वडीचा वीतभर तुकडा उरला होता. शहात्तर वर्षांची मर्ल, उन्हाने तांबूस झालेली, काटकुळी. तिने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि ताट उजेडात धरले. ताटाखाली चिकटपट्टीवर तिचे नाव होते, म्हणजे ताट तर तिचेच.

कर्स्टी नुकतीच कामावरून आली होती. मुलांच्या हाती लागली असेल, असे ती म्हणाली. रूबेनचा काही भरवसा नाही.

 मर्लने बोट वडीच्या काठावरून फिरवले.

“मुलं खातात तेव्हा तोडतात, कर्स्टी. हा काठ बघ. पट्टी लावून कापल्यासारखा आहे.”

कर्स्टी खुर्चीत बसली. बॅग अजून खांद्यावरच होती. तिला हसू आले आणि त्या हसण्यातच डोळे भरून आले. भूक लागलेल्या माणसाचे असे होते. मग तिने सगळे सांगितले: आठ मिनिटे चाळीस सेकंद, सहा आठवडे अंडी आणि पाला, साडेचार किलो कमी झालेले वजन, आणि टॅम्सिनच्या गटातली बावीस मुले.

“साडेचार किलो कमी झालं, मग पळतेस किती भराभर?”

“तेवढीच. उलट शेवटी पाय उचलतच नाहीत.”

“पाय कसे उचलणार? त्यांना खायला कोण घालतंय?” मर्लने गॅस पेटवला आणि पावाचे दोन जाड काप भाजायला टाकले. “आणि पाण्यात कुठून शिरलीस?”

कर्स्टीला प्रश्नच कळला नाही. झेंड्यांच्या मधून, ती म्हणाली. आणखी कुठून शिरणार?

मर्लने तव्याकडे पाहत मान हलवली. लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मध्येच पोहायचे, हे कर्स्टी गेली नऊ वर्षे आपल्या मुलांना, लोकांच्या मुलांना आणि किनाऱ्यावर आलेल्या परक्या पाहुण्यांना ओरडून सांगत होती. सांगता सांगता तिचे स्वतःचे पायही आपोआप तिकडेच वळायला लागले होते. तिथे लाटा उथळ पाण्यात फुटतात. मुलांना ते सुरक्षित. पण ज्याला लाटांपलीकडे जायचे त्याच्या तोंडावर तिथे दर दहा सेकंदांनी एक भिंत कोसळते.

“वळसा घालायचे तरंगते बोये कुठे आहेत ते ठरलेलं असतं,” मर्ल म्हणाली. “पाण्यात कुठून शिरायचं ते तुझं तू ठरवायचं. जिथे लाट फुटत नाही, पाणी गप्प आणि गढूळ दिसतं, तिथे समुद्राकडे खेचणारी ओढ असते. ज्यांना पोहता येत नाही त्यांना आपण तिथून हाकलतो. तुला बाहेर जायचंय ना? मग ती फुकटची गाडी आहे, बस तिच्यात.”

“तुला हे कुणी शिकवलं?”

“कुणी नाही. बायकांना पहाऱ्यावर घेत नव्हते तेव्हा. अकरा वर्षं मी त्या क्लबाच्या खिडकीत उभी राहून सँडविच केली, आणि खिडकीतून पाणी बघितलं. ज्या वर्षी घ्यायला लागले त्या वर्षी उतरले, पदरात दोन पोरं घेऊन.” तिने भाजलेल्या पावावर लोणी आणि केळ्याचे काप पसरून ताटली पुढे सरकवली. “खा हे. उद्या पण खा, रविवारी चाचणीच्या दोन तास आधी पण खा. वडी नको, वडीने काही होत नाही. पाव खा.”

कर्स्टीने पहिला घास घेतला आणि तो गिळायच्या आत दुसरा.

“आणि टॅम्सिनला आधी सांग,” मर्ल म्हणाली. “रविवारच्या आधी.”

शनिवारी सकाळी तिघी किनाऱ्यावर गेल्या. रूबेन खड्डा खणायला आला होता. मर्ल टोपी धरून उभी राहिली आणि काठीने पाणी दाखवत गेली: ते बघ, तो पट्टा, आता सरकला, आता पुन्हा. कर्स्टी दोनदा आत जाऊन आली. बाहेर आल्यावर, केस पिळता पिळता, मुलीकडे न बघता तिने सांगून टाकले की नोव्हेंबरमध्ये आपण नापास झालो होतो.

टॅम्सिनने विचारले, “किती?”

“आठ चाळीस.”

मुलगी विचारात पडली. 

“आठ चाळीस म्हणजे फारच हळू,” टॅम्सिन शेवटी म्हणाली. “तू पोहताना डोकं फार वर काढतेस. मी सांगणार होते, पण तू चिडली असतीस.” आणि मग थोड्या वेळाने, खाली वाळूत पायाने रेघ ओढत, “उद्या नाही झालं तर मी त्यांना काय सांगू?”

 कर्स्टी म्हणाली की मीच सांगेन, सगळ्यांसमोर उभी राहून. टॅम्सिनला ते पटले की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून कळले नाही.

रविवारी समुद्र जरा दांडगाच होता. कर्स्टीने सकाळी सहाला केळे घातलेला पाव खाल्ला होता. आठला सात जण रेघेवर उभे राहिले. त्यांतले पाच जण तिच्या निम्म्या वयाचे. नेव्हिलने शिटी वाजवली आणि पोरे वाळू उडवत निघून गेली. कर्स्टी शेवटची. मर्लने बजावले होते की पहिल्या पळण्यात जीव घालवू नकोस, म्हणून ती मुद्दाम मागे राहिली. पण मुद्दाम मागे राहणे आणि नुसते मागे असणे यांत काठावरून बघणाऱ्याला काही फरक दिसत नाही. टॅम्सिनने हातांनी तोंड झाकून घेतले.

सगळे झेंड्यांकडे वळले. कर्स्टी वळली नाही. ती आणखी तीसेक पावले पुढे पळाली, जिथे पाणी चहासारखे गढूळ आणि शांत होते, आणि तिथून आत शिरली.

क्षणभर तिला भीती वाटली. नऊ वर्षांची सवय होती. मग पायाखालची वाळू सुटली आणि पाण्याने तिला आपणहून उचलले. डावीकडे पोरे लाटांशी कुस्ती खेळत होती, एक पाऊल पुढे, दोन मागे. कर्स्टी डोके खाली घालून हात मारत राहिली, आणि जेव्हा तिने वर पाहिले तेव्हा पिवळा बोया समोर, हाताच्या अंतरावर होता. तिच्यापुढे फक्त दोघे होते.

परतीला एका लाटेने तिला अर्धे अंतर फुकट आणून टाकले. मग शेवटचे पळणे. या वेळी पाय उचलत होते. रेघेपाशी नेव्हिलने घड्याळ दाबले, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले. टॅम्सिनला तेवढा धीर नव्हता; तिने त्याचा हात ओढून स्वतःच वाचले.

“सात एकावन्न,” ती म्हणाली. आणि मग सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असे, “सात एकावन्न.”

कर्स्टी वाळूत पाठीवर पडली होती. तिला काही सुचत नव्हते, फक्त कांदा परतल्याचा वास येत होता. क्लबासमोर सॉसेज भाजायला लागले होते, आणि शेजारच्या टेबलावर मर्लने नव्या वडीचे ताट उघडले होते. कर्स्टी कशीबशी उठून तिथे गेली. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच तिने सगळ्यांदेखत, उजेडात, वडीचा एक मोठा तुकडा उचलला. तुकडा वेडावाकडा निघाला. निघू दे.

तेवढ्यात नेव्हिल नारिंगी बंडी घेऊन आला. नाव वहीत चढले आहे, तो म्हणाला, आणि मुले पाण्याशी उभी आहेत. पाच झाले. आताच निघायचे.

तुकडा ओठांपर्यंत पोचला होता.

“आई,” टॅम्सिन फळी काखेत धरून म्हणाली, “खाऊन अर्धा तास पाण्यात जायचं नसतं. तूच सांगतेस.”

कर्स्टीने वडीकडे पाहिले, मुलीकडे पाहिले, आणि तुकडा मर्लच्या हातात दिला. मर्लने तो ताटलीत ठेवून वर वाटी पालथी घातली. “जा. वडीला काही पाय नाहीत.”

बंडी अंगात चढवत कर्स्टी मुलांमागे पाण्याकडे निघाली. पुढे तेवीस फळ्या एकमेकींवर आपटत चालल्या होत्या आणि टॅम्सिन सगळ्यांच्या पुढे होती. गुडघाभर पाण्यात गेल्यावर कर्स्टीने एकदा मागे वळून पाहिले. टेबलापाशी आता मर्लशिवाय कुणी नव्हते. तिने इकडेतिकडे बघितले, सुरी उचलली, आणि ताटातल्या वडीचा वाकडा राहिलेला काठ हलकेच सरळ केला. मग कापलेली पट्टी तिने तोंडात टाकली.