उसना माणूस

शेजारच्या होडीचा मालक मॅग्नस दारात आला तेव्हा एल्स्पेट आईसोबत गळांना शिंपल्यांचं मांस लावत बसली होती.

"आमच्या होडीवरचा वॉटी तापाने फणफणलाय. आजचा दिवस तुमचा माणूस उसना द्या, वहिनी."

"न्या की. होडीला डांबर फासून ते वाळेपर्यंत नुसते लोळतायत. पण न्याल तसे परत आणा, घोरण्यासकट!"

"घोरणं मात्र तुम्हालाच लखलाभ," मॅग्नस म्हणाला. बाबा हसत मोजे चढवू लागले.

उत्तर समुद्राच्या त्या किनाऱ्यावर हीच रीत होती. दुसऱ्याच्या होडीवरचा माणूस उसना नेला, की बदल्यात आपल्यातल्या एकाने त्यांच्याकडे राबायचं.

पुरुषांचे पाय कोरडे राहावेत म्हणून बायका त्यांना पाठुंगळी घेऊन होडीपर्यंत पोचवत. एल्स्पेटने बाबांना उचललं.

"लापशी कमी खा आता, बाबा."

"कुरकुरू नकोस. नवऱ्याला उचलायचा सराव होतोय!"

दुपारी वारा फिरला. एका लाटेने बाबांना होडीतून ओढून नेलं. बाकीचे परतले. देह मिळालाच नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मॅग्नस दारात उभा. "काम सांगा, वहिनी." त्याने जाळी विणली, छप्पर शाकारलं, बाबांची होडी समुद्रात नेली. मग रोजच येऊ लागला, जणू उसनं फिटतच नव्हतं. त्याची स्वतःची होडी वाळूवर तडकत पडली. 'बुडाले' हा शब्द आई कुणाला उच्चारू देत नसे. "उसने दिलेत. उसनं परत येतं," एवढंच म्हणे. एल्स्पेटनेही तो शब्द तोंडातून काढला नव्हता.

हिवाळा सरता सरता मॅग्नसचं पाऊल बाबांसारखं पडू लागलं. खोकलाही तोच, आधी कोरडा, मग खोल. पहाटे अंथरुणातून तो दाराबाहेर ऐकताना एल्स्पेटला क्षणभर बरं वाटे, आणि लगेच अंगावर काटा येई.

एका संध्याकाळी बाहेर वाळू करकरली. आईने चुलीपासूनच नेहमीसारखं विचारलं, "आलात का हो?"

बाबा गेल्यापासून या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नव्हतं.

"आलो गं," दाराबाहेरून आवाज आला.

आईने वाडग्यात सूप वाढायला घेतलं. एल्स्पेटने दार उघडलं. मॅग्नस पांढराफटक पडला होता. आपण काय बोललो हे त्यालाही तेव्हाच कळलं असावं.

"मॅग्नसकाका, घरी जा," ती आईलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "परत द्यायला तुमच्याकडे काही उरलेलं नाही. बाबा बुडाले."