महिरपी कंसात काहीच नाही

"कुणी टाकल्यात या पाट्या?" काकूंनी स्क्रीनवर बोट आपटलं. "नाव कळू दे फक्त, सोलूनच काढते!"

ऑफिसातली सगळी पोरं आपापल्या मॉनिटरमागे दडली. काकू तिथल्या सर्वांत जुन्या प्रोग्रामर. हॉस्पिटलातल्या सलाइन पंपांचं सॉफ्टवेअर अठरा वर्षं त्यांच्याच हातचं. आणि सकाळी एका नर्सचा फोन आलेला: औषध संपलं तरी नवा पंप गप्प! पेशंटच्या मुलीचं लक्ष गेलं म्हणून निभावलं.

इंटरफेस, म्हणजे प्रत्येक पंपाच्या कोडने पाळायची नियमावली, काकूंचाच होता. प्रत्येक पंपाला सुरू होता, थांबता आणि इशारा देता आलंच पाहिजे. कसं, ते ज्याच्या त्याच्या क्लासने, म्हणजे त्या त्या मॉडेलच्या कोडने बघावं. पण या तीन कामांच्या तिन्ही मेथड हव्यातच. महिन्यापूर्वी हॉस्पिटलात आलेल्या या मॉडेलच्या क्लासमध्येही इशाऱ्याची मेथड होती. नाव होतं, महिरपी कंस होते, आत मात्र ठणठणगोपाळ!

"पण काकू, कंपायलरने पास केलंय की," टेस्टर पुटपुटला.

"त्याचं काय जातंय? तो बघतो मेथड आहे का. आत काही आहे का, ते माणसाने बघायचं असतं रे बाबा!"

त्यांनी तणतणत बदलांची नोंद उघडली. दोन वर्षांपूर्वीचा, हे मॉडेल अजून कागदावरच असतानाचा मंगळवार. 'नंतर भरू.' आणि शेजारी नाव काकूंचंच.

एवढी कसली घाई होती त्या दिवशी? आजारपण, लग्न, काहीतरी असायलाच हवं होतं. काही म्हणजे काही आठवेना. साधा मंगळवार.

साहेब मागे येऊन उभे होते. "सोमवारच्या अपडेटमध्ये गुपचूप घालून टाकू. बोभाटा कशाला? तुमचीच नोकरी जाईल, बाई."

"आणि सोमवारपर्यंत?"

काकूंनी फोन उचलला.

"सिस्टर, ते नवे पंप काढा. इशारा वाजणारच नाही त्यांचा. चूक माझी आहे. हो, लेखी देते."

"अहो, बारा बेड आहेत त्यांच्यावर! दुसरे आणू कुठून?"

"मिळेपर्यंत सारखं जाऊन बघावं लागेल."

"बघते! दुसरं करणार काय?" नर्सने करवादून फोन टेबलावर आपटला, पण बंद करायला विसरली.

काकू तो तसाच कानाशी धरून बसल्या. पलीकडे चपला चालू लागल्या, थांबल्या. चालू लागल्या, थांबल्या. बारा वेळा.