पंडुमाआधी एक घोट

पोचू चंद्रपूर पाहायला आला तो मनाविरुद्धच. आलापल्लीच्या पलीकडल्या त्याच्या गावात चार दिवसांनी आंब्याचा पंडुम होता. पंडुम म्हणजे नव्या फळाचा सण. देवाला पहिला आंबा दाखवल्याशिवाय गावात कोणी आंब्याला तोंड लावत नाही, आणि तो दाखवणारा भूमिया म्हणजे पोचूच. चाळीस वर्षं हे काम त्याच्याकडे. पंडुमाआधी कैरीवर दगड मारणाऱ्या किती पोरांचे कान त्यानं पिळले असतील, देव जाणे. पण लेक रंजीता चंद्रपुरात नर्स. तिनं फोनवर धोशाच लावला, "बाबा, तीन वर्सं झाले मले नोकरी लागून. एकदा तरी येऊन माह्यं शहर पाहा." बायको सुकरीनं तर विचारण्याआधीच पिशवी भरून ठेवली. मग काय करता!

लेकीचं शहर म्हणजे मे महिन्यातली भट्टी. रंजीतानं मात्र कागदावर यादीच केली होती. सकाळी जटपुरा गेट, मग अंचलेश्वराचं देऊळ, मग महाकाली, संध्याकाळी रामाळा तलाव. ऑटोतून उतरायचं, पाहायचं, फोटो काढायचा, की परत ऑटोत. जटपुरा गेटखाली पोचू मान वर करून उभा राहिला.

"आपल्या गोंड राजाचं आहे हे," रंजीता कौतुकानं म्हणाली.

पोचूनं दगडाला हात लावून पाहिला. "राजा भलता भीत असन. नाई तं एवढी मोठी भिंत काऊन बांधली?"

सुकरी हसून बेजार. फोटोत तिघांचेही डोळे उन्हानं मिटलेले आले.

महाकालीच्या देवळातून बाहेर पडले तेव्हा ऊन अगदी डोक्यावर आलं होतं. पोचूच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो पायरीवर मटकन बसला. रंजीता नर्स खरी, पण बापाला असं पाहून तिची अक्कलच गुंग झाली. धावत कोपऱ्यावरच्या गाडीवर गेली, समोर दिसला तो थंडगार ग्लास उचलला आणि बापाच्या तोंडाला लावला. "प्या बाबा, लवकर!"

पोचूनं मोठा घोट घेतला. तो घशाखाली उतरला आणि मग त्याला चव कळली. त्यानं ग्लास बाजूला सारला.

"आंबा आहे," तो म्हणाला.

रंजीताचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा, मी पाह्यलंच नाई त्याच्यात काय आहे! खरंच नाई पाह्यलं."

सुकरीनं इकडंतिकडं बघून घेतलं. "इथी आपल्या गावचं कोन आहे? कोनाले काई कळत नाई. पानी पी, तोंड धू, झालं."

पोचूनं हाताच्या पाठीनं तोंड पुसलं. राग आला होता, पण काढायचा कोणावर? उन्हावर? रंजीता तोंडावर ओढणी धरून रडत होती, आणि तेच त्याला जास्त लागलं. गावात आधीच चारजण म्हणत होते, पोचूची पोरगी शहरात जाऊन रीत विसरली. आता तिनंच भूमियाला पंडुमाआधी आंबा पाजला असं कळलं, तर तिला कोणी दारात उभं करणार नाही. आणि सांगितलं नाही, तर आंबा लागलेल्या तोंडानं देवापुढं बसायचं. ते तर त्याच्यानं होणार नव्हतं. रामाळा तलाव पाहायचा राहून गेला.

पंडुमाच्या सकाळी सारं गाव झाडाखाली जमलं. आंब्यांची टोपली मांडली, लोक वाट पाहू लागले. पोचू काही जागचा उठेना.

"लालसू, आज तू कर," तो पुतण्याला म्हणाला. "मी चंद्रपुरात आंब्याचा रस पेलो."

सगळ्यांच्या माना त्याच्याकडं वळल्या. मग लालसूनं विचारलं, "रंजीतानं देल्ला काय?"

"तिचं नाव काऊन घेतं? ती तं नाई नाई म्हणत होती. मले तहान लागली, मीच मागून पेलो."

सुकरी मान खाली घालून पायाच्या बोटानं माती उकरत राहिली. मागून एक पोरगा ओरडला, "आजा, आता तुहा कान कोन पिळन?" सारं गाव खदाखदा हसलं. पोचूही हसायला गेला, पण लाजेनं त्याची मान वर होईना. दंड म्हणून एक कोंबडी ठरली, आणि आंबा त्यानं सगळ्यांच्या शेवटी खायचा. भूमियाचं काम आता कायमचं लालसूकडं गेलं. तसं कोणी बोललं नाही, पण लालसू त्याच्या जागेवर जाऊन बसला तेव्हा सगळ्यांना कळलं. पोचूला तर आधीच.

संध्याकाळी नेटवर्क धरायला तो टेकडीवर चढला, तोच रंजीताचा फोन आला.

"बाबा, झाला पंडुम? मले कोनी काई म्हटलं काय?"

"तुले काऊन म्हणतीन? मस्त झाला."

ती मोकळी हसली. "मंग या न परत! तुमचा तलाव पाहाचा राह्यला."

पोचूच्या हातात त्याच्या वाट्याचा आंबा होता, अजून न खाल्लेला.

"येतो न," तो म्हणाला. "आंबे सरू दे, मंग येतो."