पडद्यामागचा लोखंडी माणूस

बाबूभाईचा सौदा जमला असता तर नूर मोहम्मदच्या पदरात बरंच काही पडणार होतं. मार्कंड्याच्या जत्रेत बाबूभाईच्या टुरिंग टॉकीजच्या तंबूसमोर सिनेमातला लोखंडी माणूस उभा करायचा, पडद्यावरून उतरून आल्यासारखा. तो पसंत पडला की टॉकीजच्या इंजिनावर मिस्त्रीची नोकरी. म्हणजे वर्षातले आठ महिने बसून काम, दोन वेळचं आयतं जेवण आणि पत्र्याला झाळ देता देता तीस वर्षं छातीत साचलेल्या तेजाबाच्या धुराला सुट्टी. चामोर्शीत ज्याला सगळे डबेवाला म्हणत, त्याला मिस्त्री म्हणावं लागणार होतं, ते वेगळंच. त्याच्या बायकोच्या, सुलतानाच्या हिशेबात आणखी एक रक्कम होती. ती तिनं कुणाला सांगितली नव्हती: आठ महिने घरात खोकला ऐकू येणार नव्हता.

चांदा जिल्हा नुकताच मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. गळक्या बादल्या मात्र पूर्वीसारख्याच नूर मोहम्मदकडे येत होत्या. त्या बाजूला सारून त्यानं रॉकेलचे डबे कापायला घेतले.

टॉकीज चामोर्शीत उतरली होती तेव्हा खेळ त्यानं पाच वेळा पाहिला होता, पण पडद्याच्या मागून. तंबूत मागची जागा अर्ध्या तिकिटात मिळायची आणि समोर कुणाचा फेटा आडवा येत नसे. मागून पाहिलं की उजव्याचं डावं दिसतं, हे एखाद्याला पडद्यावरच्या उलट्या अक्षरांवरून तरी कळलं असतं. नूर मोहम्मदला अक्षरओळखच नव्हती. सुलतानानं खेळ एकदाच पाहिला, तोही समोरून, बायकांच्या कनातीत बसून.

पहिल्याच दिवशी तो लोखंडी माणसाच्या डाव्या मनगटाला पकड बसवायला लागला, तेव्हा ती म्हणाली, "ऐकता का, पकड त्याच्या उजव्या हाताले हाये. अन् छातीवरचा दिवा डाव्या अंगाले."

त्यानं मान वर केली नाही. "पाच येळा कोनं पायला? मी का तू?"

"मी एकदाच पायला. पन समोरून..."

"समोर बसून भज्ये खाऊन राह्यली होतीस. मी त्याच्या अंगावरचा एकेक खिळा मोजून आलो. मले उजवं-डावं शिकवतेस?"

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात सुलतानानं एक नियम करून घेतला होता. खरी गोष्ट एकदा सांगायची. दुसऱ्यांदा सांगितली की तिचं भांडण होतं, तिसऱ्यांदा सांगितली की तिला रडगाणं म्हणतात, आणि तिला आता दोन्हींचा सारखाच कंटाळा आला होता.

आठव्या दिवशी डबे संपले. नूर मोहम्मद दारात उभा राहून घरातल्या धानाच्या कोठीकडे पाहू लागला. कोठी त्यानंच केली होती, निकाह झाला त्या वर्षी, चांगल्या जाड पत्र्याची.

"मोकळी कर," तो म्हणाला.

"धान कुठी ठेवू?"

"बांबूची ढोली हाये ना."

"ढोलीत उंदीर शिरते."

"नोकरी लागली का दोन कोठ्या करून देतो."

तिनं टोपल्या भरभरून धान उपसलं. शेवटच्या टोपलीला तिची कंबर धरली. बसल्या बसल्या तिनं पाहिलं, कोठीच्या पत्र्यातून तो लोखंडी माणसाची छाती कापत होता आणि दिव्याचं भोक उजवीकडे आखत होता. पुन्हा सांगावं असं तिच्या ओठाशी आलं. तेवढ्यात तो म्हणाला, "बसली काऊन? पानी आन." तिनं पाणी आणून दिलं.

शेजारचा मुखरू रोज एक फेरी मारून जायचा. जत्रेला बैलबंडी त्याचीच जाणार होती, म्हणून आपलाही यात वाटा आहे असं तो धरून चालला होता.

"नूरभाऊ, हा काही खाते का?"

"नाई."

"बोलते?"

"तोही नाई."

"मंग तंबूत काऊन धाडता? असा जावई कुठी भेटते?"

नूर मोहम्मद हसायला गेला आणि खोकत बसला. सुलताना लोखंडी माणसाचं अंग राखेनं घासत होती. एकोणिसाव्या दिवशी तो पुरा झाला. दारापेक्षा वीतभर उंच, चौकोनी डोकं, आणि कुणालाही आवडावा असा. त्यात चूक फक्त उजव्या-डाव्याची होती, आणि घासून घासून ती चूकही तिनं लख्ख केली होती.

जत्रेच्या दिवशी सकाळीच बंडी नवरा-बायकोला आणि लोखंडी माणसाला घेऊन वैनगंगेकाठी पोचली. बाबूभाईनं लोखंडी माणसाभोवती दोन चकरा मारल्या आणि खूश झाला. मग त्यानं नागपूरहून खेळाच्या पेटीबरोबर आलेलं पोस्टर उलगडलं, एकदा त्यात पाहिलं, एकदा वर पाहिलं.

"नूरभाई, ये तो उल्टा है."

नूर मोहम्मदनं पोस्टरातल्या पकडीवर बोट ठेवलं, मग आपण केलेल्या पकडीवर.

"खेळ कुठून पायला तुमी?"

"मागून."

"अरे, मागून सगळं उलटं दिसते. अक्षरं उलटी नाई दिसली?"

"मले सुलटी अन् उलटी सारखीच."

बाबूभाई खोक्यावर बसला. तो वाईट माणूस नव्हता, नुसता व्यापारी होता.

"सांजपर्यंत हात बदलतो," नूर मोहम्मद म्हणाला. "दिवाही."

"खेळ दुपारी हाये. अन् खरं सांगू? इंजिनाच्या तारा ज्यानं उलट्या जोडल्या त्यानं तंबू जाळला. तुमच्या हाती इंजिन कसं देऊ?"

पण माल परत पाठवील तो व्यापारी कसला. त्यानं लोखंडी माणूस तंबूच्या मागच्या दाराशी, अर्ध्या तिकिटाच्या रांगेपुढं उभा करवला. मागून पाहणारे खेळ संपल्यावर बाहेर आले, त्याच्यापुढं थांबले आणि अगदी तोच आहे म्हणाले. दुसऱ्या खेळाला मागं उभं राहायलाही जागा उरली नाही. बाबूभाईनं नूर मोहम्मदला पुढच्या जागेचे दोन पास दिले. त्यानं ते मुखरूला देऊन टाकले.

परतताना मुखरू पुढं बैलांशी बोलत होता. मागं दोघं लोखंडी माणसासाठी अंथरलेल्या, आता रिकाम्या गवतावर बसले होते.

"तुले मालूम होतं," नूर मोहम्मद म्हणाला.

"सांगतलं होतं."

"एकदाच सांगतलंस."

"हो."

"मी ऐकत नाई, हे तुले मालूम नोहोतं का?"

"मालूम होतं," सुलताना म्हणाली.

चाकं रेतीत रुतत होती, मुखरू खाली उतरून रेटत होता. बसल्या बसल्या तिनं सगळं मनाशी मांडून पाहिलं. बाबूभाईचं काही गेलं नव्हतं, उलट मागची बाजू भरली. मुखरूचे बैल थकले, पण दोन खेळ त्यानं फुकट पाहिले. नूर मोहम्मदची नोकरी गेली. तिची कोठी गेली. एकदाच सांगितलं म्हणून नोकरीच्या तोट्यातला निम्मा वाटाही तिनं आपल्याच नावावर धरला, पण ते त्याला सांगितलं नाही.