शनीचे दोनशे चौऱ्याहत्तर चंद्र

तैवानमधल्या जिआयी शहरातल्या एका शाळेत युआन पै-हुआ बाई एकोणीस वर्षं विज्ञान शिकवत होत्या. तेच टाचण, तेच प्रश्न, तेच विनोद. मुलं हसत नसत आणि बाईंना त्याचं काही वाटतही नसे.

चाचणीत प्रश्न होता, शनीला चंद्र किती? आठवीतल्या तू यी-रोउने लिहिलं, दोनशे चौऱ्याहत्तर. बाईंनी लाल फुली मारली.

मुलगी कागद घेऊन आली. "बाई, नवे चंद्र सापडलेत. आपल्या तैवानच्याच संशोधकांनी शोधलेत!"

"असेल. पुस्तकात ब्याऐंशी आहेत. दहा वेळा दुरुस्ती लिहून आण."

"हो बाई."

त्यानंतर महिनाभर यी-रोउने एकही प्रश्न विचारला नाही. बाईंच्या ते लक्षात आलं. धडा लवकर संपतो, एवढंच त्यांना वाटलं.

एक दिवस प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या, निवृत्तीला आलेल्या चिएन सरांच्या हाती ते दुरुस्तीचं पान लागलं.

"पै-हुआ, पोरीनं चूक दुरुस्त केलीय की बरोबर उत्तर बिघडवलंय?"

"सर, आईबाप गुण विचारतात, चंद्र नाही."

"पण चाचणी तूच काढलीस ना? की शनीनं धाडली?"

बाई हसल्या नाहीत. "मला आता कशाचंच काही वाटत नाही, सर."

सर खुर्ची ओढून बसले. "ठाऊक आहे. मीही तसाच होतो. आपण बधिर झालो तरी आपलं निभतं गं. पण पोरं आपल्याकडे बघून शिकतात. हे निमूटपणे दहा वेळा लिहून देणं तिनं तुझ्याकडूनच उचललंय!"

त्या रात्री बाईंनी नवे चंद्र शोधणाऱ्या संशोधन संस्थेला पत्र लिहिलं, शनीजवळच्या आकाशाची छायाचित्रं मिळतील का?

आठवड्याने तीन छायाचित्रं आली. एकाच जागेची, थोड्याथोड्या वेळाने टिपलेली. बाईंनी ती पारदर्शक कागदांवर छापून गटागटाला वाटली.

"एकावर एक ठेवा. तारे जागचे हलणार नाहीत. हलेल तो चंद्र. शोधा."

"बाई, हे परीक्षेत आहे?" यी-रोउने सपाट आवाजात विचारलं.

तो आवाज बाईंनी ओळखला. तो त्यांचाच होता!

"नाही. आणि तुझं उत्तर बरोबर होतं. चूक माझी होती."

बाई चूक कबूल करतात, हे मुलांनी कधी ऐकलंच नव्हतं. मग माना कागदांवर वाकल्या. खिडकीजवळून कुणी तरी ओरडलं, "सापडला! हा बघा सरकतोय!"

तास संपता संपता यी-रोउचा हात हळूच वर आला.

"बाई, चंद्र म्हणवून घ्यायला दगड किती मोठा लागतो?"

"ते अजून कुणीच ठरवलेलं नाही."

"कुणीच नाही?" ती पुढे सरकून बसली.

मंडळी, पुस्तक छापून झालं की तिथेच थांबतं. शोध थांबत नाही. मुलांपर्यंत तो पोचवायचा कुणी? ज्याच्या हातात लाल पेन आहे, त्यानेच!