साखळीच्या झाकणावरचं नाव

"सायकल आपली, आन् नाव व्यंकटरावाचं कामून?" कमलबाईनं दुधाची चरवी खाली आदळत विचारलं. तिला दुसरीपर्यंतचं वाचता यायचं, आणि तेवढंच आज तिच्या नवऱ्याच्या, लिंबाजीच्या अंगाशी आलं.

"हळू बोल की. बाजारात मागल्या म्हयन्यात तीन सायकली गेल्या. कुलपं हुती तरी गेल्या."

"मंग आपलं नाव टाकायचं."

"'लिंबाजी' वाचून कोन भ्यायलाय? पाटलाचं नाव बगितलं की चोर हात लावायचा न्हाई."

बोलणं खोटं नव्हतं. व्यंकटराव पाटलाच्या शेतातल्या आखाड्यावरची कडब्याची पेंढीही कुणी उचलत नसे. आणि दोन म्हशी, दीड एकर रान एवढाच पसारा असलेल्या लिंबाजीला सायकल म्हणजे तिसरी म्हैसच होती. ऊन चढायच्या आत वालूरच्या हॉटेलात दूध पोचलं तरच घर चाले. पायी गेलं की वाटेतच दूध नासे. सायकल जुनी घेतलेली, पावतीबिवती काही नव्हती. म्हणून त्यानं भुजंग पेंटरकडून साखळीच्या झाकणावर ठळक पांढऱ्या अक्षरांत 'व्यंकटराव पाटील' लिहून घेतलं होतं आणि स्वतःच्या अकलेवर तो जाम खूश होता.

वर्षभर सायकलीला कुणी बोट लावलं नाही. लिंबाजीनं कुलूप लावायचंही सोडून दिलं. मग चैत्रातल्या एका सकाळी तो रिकामी चरवी घेऊन हॉटेलाबाहेर आला, तर सायकल जागेवर नाही. तो शेजारच्या पानाच्या टपरीकडं धावला.

"पाटलाचा गडी घिऊन गेला की," पानवाला म्हणाला. "पाटलाचीच न्हवं ती?"

लिंबाजी पाच मैल भर उन्हात चालत तडक पाटलाच्या ओसरीवर गेला. सायकल खांबाला टेकवलेली होती. व्यंकटराव सुपारी कातरत बसले होते.

"मालक, सायकल माजी हाय."

"आसंल बाबा. पन त्यावर काय लिवलंय?"

"तुमचं नाव. चोराच्या भ्यानं टाकलं म्या."

"म्हंजे वरीसभर माजं नाव वापरलास. म्या काई म्हनलो का?" व्यंकटराव शांतपणे म्हणाले. "पावती दाव आन् घिऊन जा."

ओसरीवरचे लोक खो-खो हसले. त्यातल्या प्रत्येकानं लिंबाजीला याच सायकलीवर दूध नेताना पाहिलं होतं. शेजारचा बन्सीधर तर कॅरियरवर बसून किती वेळा सेलूला गेला होता! लिंबाजीनं त्याच्याकडं पाहिलं, तसा तो चप्पल शोधायला लागला.

घरी येताना वाटेत बन्सीधरनंच त्याला गाठलं. "लिंबाजी, मला समदं ठावं हाय रं. पन माज्या रानाला पानी पाटलाच्या हिरीवरून येतंय. काय बोलू मी?"

 लिंबाजीला संताप आला होता, आणि तो करायचा कुणावर हेच कळत नव्हतं.

आठ दिवस तो पायी गेला. चार दिवस दूध नासलं. हॉटेलवाला म्हणाला, "उद्यापासून दुसरा गवळी बगतो." त्याच संध्याकाळी व्यंकटरावांचा निरोप आला: रोज वालूरला जातोच आहेस, तर सायकल ने, आमच्याही दोन चरव्या घालत जा, येताना पेपर आण.

"जाऊ नगा," कमलबाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"मंग दुधाचं काय करू? तूच सांग."

तिनं उद्याची चरवी घासायला घेतली. दुसऱ्या दिवशी लिंबाजी वेळेवर वालूरला पोचला. हॉटेलवाल्यानं आत चहाला बोलावलं, पण तो सायकलीचा दांडा धरून बाहेरच उभा राहिला.

"न्हाई बा, हितंच द्या," तो म्हणाला. "पाटलाची सायकल हाय. चोरीला गेली तर मला भरून द्यावी लागंल."